एकाच गुलाबाच्या दोन हकिकती : 'आ ला फोली... पा द्यू तू'

हा चित्रपट पाहणार असाल तर त्याच्याविषयी शक्य तितकं कमी वाचून बसा. हे परीक्षणसुद्धा अर्ध्यावर सोडा; कुठे थांबायचं ते खाली स्पष्ट लिहिलं आहे. तोवरचा मजकूर निर्धास्त वाचा, त्यात गोष्टीची किल्ली नाही.

२००२ सालचा हा फ्रेंच चित्रपट. इंग्रजीत तो 'ही लव्हज मी... ही लव्हज मी नॉट' या नावाने आला, म्हणून शोधताना दोन्ही नावं टाकावीत. दिग्दर्शिका लेतिसिया कोलोम्बानी. पूर्ण लांबीचा हा तिचा पहिलाच चित्रपट, आणि तेव्हा ती पंचविशीच्या आसपास होती. पुढे २०१७ मध्ये तिने 'ला त्रेस' ही कादंबरी लिहिली. तिच्यातल्या तीन नायिकांपैकी एक उत्तर प्रदेशातली आहे. २०२३ मध्ये त्या कादंबरीवर कोलोम्बानीनेच चित्रपटही केला. वेगवेगळ्या माणसांच्या हकिकती शेजारी शेजारी मांडून वाचणाऱ्याला त्या जुळवायला लावायची तिची हातोटी या पहिल्या कामातच दिसते.

गोष्ट बोर्दो शहरात घडते. आंजेलिक ही चित्रकलेची हुशार विद्यार्थिनी. फुलवाल्याच्या दुकानात ती एक गुलाबी गुलाब निवडते आणि डॉक्टर लोइक ल गारेक याच्याकडे पोचवायला सांगते. लोइक हृदयरोगतज्ज्ञ, विवाहित. बायको राशेल वकील, आणि तिला दिवस गेलेले. आंजेलिक सुट्टीवर गेलेल्या एका श्रीमंत कुटुंबाचं घर सांभाळते, फावल्या वेळात कॅफेत काम करते, चित्रं काढते, आणि लोइक बायकोला सोडणार याची जवळच्यांना खात्री देत राहते. दाविद नावाच्या मित्राचा तिच्यावर जीव आहे, त्याला हे प्रकरण अजिबात पसंत नाही. लग्न झालेला पुरुष, वाट पाहणारी तरुणी, समजावणारे मित्रमैत्रिणी : ही मांडणी आपल्या ओळखीची आहे, आणि ती ओळखीची वाटावी हेच दिग्दर्शिकेला हवं आहे.

आंजेलिकचं काम ओद्रे तोतूने केलं आहे. २००१ मध्ये 'आमेली'मुळे तिचा चेहरा जगभर पोचला होता. मोठे काळे डोळे, दुसऱ्याचं भलं करणारी, जरा खुळी पण निर्मळ मुलगी, अशी तिची प्रतिमा लोकांच्या मनात पक्की बसली होती. कोलोम्बानीने त्या प्रतिमेचा पुरेपूर वापर केला आहे. पडद्यावर ती आली की आपण तिच्या बाजूने होतो, कारण विचारत नाही. 'आमेली' आधी पाहिलेला असेल तर उत्तमच. नसेल तर मुद्दाम पाहायची गरज नाही, तोतू ते काम दहा मिनिटांत करते.

बडोद्यातल्या मराठी वाचकांसाठी हे मुद्दाम लिहितोय त्याला कारण आहे. आपल्याकडे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला विद्याशाखा १९५० पासून आहे. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या कितीतरी मराठी घरांतलं एखादं माणूस फाइन आर्ट्सला शिकलेलं किंवा शिकवणारं असतं. चित्र काढणारं माणूस जग कसं पाहतं, कुठला तुकडा उचलतं आणि कुठला चौकटीबाहेर ठेवतं, हे ज्यांना हाताने ठाऊक आहे त्यांना हा चित्रपट इतरांपेक्षा जास्त देईल. पहिल्या भागात रंग भरलेले, उबदार आहेत. गुलाबी, लाल, पिवळा सगळीकडे. ती रंगयोजना सजावट म्हणून आलेली नाही.

आता दाखवण्याच्या तयारीबद्दल, कारण चांगला चित्रपट बहुतेक वेळा इथे वाया जातो. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत : फ्रान्समध्ये निघालेली डीव्हीडी विभाग २ची असते, भारत विभाग ५मध्ये येतो. त्यामुळे साध्या भारतीय प्लेयरवर ती चालेलच असं नाही. संगणकावर किंवा सर्व विभाग चालणाऱ्या प्लेयरवर आधी लावून पाहा. आवाज फ्रेंचच ठेवा. इंग्रजीत डब केलेली प्रत हाती आली तर ती बाजूला ठेवा, कारण आंजेलिकच्या बोलण्यातला तो हलका, आश्वस्त सूर डबिंगमध्ये उरत नाही आणि पहिला भाग त्या सुरावरच उभा आहे.

इंग्रजी उपशीर्षकांची फाइल वेगळी मिळवली असेल तर ती हमखास सरकते. कारण साधं आहे. युरोपातल्या डिस्कवर चित्र सेकंदाला २५ चौकटींनी चालतं, तर इतर बहुतेक प्रतींवर २४च्या आसपास. म्हणजे युरोपीय प्रत चार टक्के जलद पळते, आणि दीड तासाच्या चित्रपटात शेवटाकडे हा फरक साडेतीन मिनिटांच्या पुढे जातो. सुरुवातीला शब्द जुळलेले आणि पुढे पुढे मागे पडत चाललेले दिसले तर हाच दोष समजा. संगणकावरच्या व्हीएलसी या प्लेयरमध्ये 'जी' आणि 'एच' या कळांनी उपशीर्षकं मागेपुढे होतात, एका दाबात सेकंदाचा विसावा भाग. पण त्याने फक्त एकसारखा फरक निघतो. वाढत जाणारा फरक असेल तर उपशीर्षक दुरुस्त करायच्या कुठल्याही मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइलचा चौकटीचा वेग (फ्रेम रेट) २३.९७६ वरून २५ करून घ्या आणि शेवटची पाच मिनिटं तपासा. सुरुवात तपासून चालत नाही, तिथे सगळंच बरोबर दिसतं.

मध्यंतर घेऊ नका. घरी चारजण जमले की निम्म्यात चहा-चेवड्यासाठी थांबायची आपली पद्धत आहे, पण या चित्रपटाचा कणा नेमका निम्म्याच्या सुमारास आहे. तिथे दिवे लागले, लोक बोलायला लागले, कुणी फोन उघडून नाव शोधलं, की संपलं. चहा आधी घ्या किंवा नंतर. लांबी दीड तासाच्या आसपास आहे, एका बैठकीत सहज होते. मुलांना सोबत घेऊ नका. आत्महत्येचा प्रयत्न, गर्भपात आणि मारहाण यात आहे. ज्यांच्या घरात असं काही अलीकडे घडलं आहे त्यांना आमंत्रण देताना आधी सांगून ठेवावं.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी इथे थांबावं. पुढे सगळं उघड केलं आहे.

पहिल्या भागाच्या शेवटी आंजेलिक गॅस सोडून जमिनीवर आडवी होते. त्याआधी फ्लॉरेन्सच्या सहलीसाठी ती विमानतळावर थांबलेली असते आणि लोइक येत नाही. मग सगळं पटापट ढासळतं, काम, शिष्यवृत्ती, घर. आपण लोइकला मनात शिव्या घालून मोकळे झालेले असतो. आणि तिथून चित्रपट उलटा फिरतो, थेट फुलवाल्याच्या दुकानापर्यंत. या वेळी कॅमेरा आंजेलिकजवळ राहत नाही. गुलाब घेऊन निघालेल्या पोऱ्याच्या मागोमाग तो दुकानाबाहेर पडतो. गुलाब लोइकच्या हाती पडतो, सोबत चिठ्ठी नाही. बायकोने पाठवला असेल असं तो धरून चालतो. आंजेलिक कोण हे त्याला धड ठाऊकही नाही. शेजारच्या घरात काही दिवस राहायला आलेली मुलगी, एवढीच ओळख.

इथे कारागिरीचं खरं मोल कळतं. पहिला भाग परत लावून पाहा आणि दोघांमध्ये सरळ, सलग संभाषण कुठे आहे ते शोधा. हाती काही लागत नाही. आपल्याला दिसलेलं असतं ते असं : तिने फूल पाठवलं, तिने वाट पाहिली, तो जवळून गेला, तो हसला. मधली जागा तिने भरली आणि तिच्याबरोबर आपणही भरली. चित्रपट एकदाही खोटं सांगत नाही. घटना त्याच, क्रम तोच, फक्त चौकट एक हात बाजूला सरकवली की अर्थ पालटतो. शेवटाला कट काढून 'फसवलं' म्हणणारे रहस्यपट पुष्कळ आहेत. त्यांच्यात प्रेक्षकापासून पुरावा लपवलेला असतो. इथे पुरावा डोळ्यांसमोर होता आणि आपणच तो प्रेमाचा पुरावा म्हणून वाचला. इतकं सहज का वाचलं? चिकाटीने मागे लागणं म्हणजे खरं प्रेम, हे आपण पडद्यावर लहानपणापासून पाहत आलो आहोत. या चित्रपटाला ते पक्कं ठाऊक आहे आणि त्याचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

तोतूच्या अभिनयाचं मोठेपण इथे आहे की दोन्ही भागांत ती वेगळी वागत नाही. दुसऱ्या भागात तिला वेडसर दाखवायचा मोह टाळला आहे. तेच हसू, तीच लगबग. आता ते लोइकच्या खिडकीतून दिसतं, एवढंच. रंगही निवळतात, थंड होतात.

आंजेलिकच्या आजाराला मानसोपचारात इरोटोमेनिया म्हणतात, आणि फ्रेंच चित्रपटाने तो उचलावा हे साहजिक आहे. पॅरिसच्या पोलीस खात्याच्या खास रुग्णालयात काम करणाऱ्या गाएताँ गाशियाँ द क्लेराँबो या मानसोपचारतज्ज्ञाने १९२१ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्याला क्लेराँबोचा विकार असंही म्हणतात. त्याची सर्वांत गाजलेली रुग्ण एक ५३ वर्षांची फ्रेंच स्त्री होती. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आपल्यावर प्रेम करतो अशी तिची खात्री होती. ती बकिंगहॅम राजवाड्याबाहेर उभी राहायची, आणि खिडकीचा पडदा हलला की तो राजाने आपल्यासाठी केलेला इशारा आहे असं मानायची.

क्लेराँबोच्या मांडणीचा गाभा असा : 'मी त्याच्यावर प्रेम करते' ही भावना इथे मूळ नसते. 'त्याचं माझ्यावर प्रेम आहे, आणि सुरुवात त्याने केली' ही श्रद्धा मूळ असते. तो माणूस बहुधा हुद्द्याने, मानाने वरचा असतो. माझ्याशिवाय तो सुखी होऊच शकत नाही, त्याचं लग्न हे खरं लग्न नाही, त्याने नकार दिला तरी तो लोकलाजेस्तव किंवा माझी परीक्षा पाहण्यासाठी, असे धागे त्यातून फुटत जातात. मग टप्पे येतात. आधी आशा, मग दुखावलेपण, मग सूड. पटकथा या नकाशावर अचूक चालते. सुरुवात कशी झाली ते शेवटाकडे कळतं. बाप होणार ही बातमी मिळाल्याच्या आनंदात लोइकने बायकोसाठी गुलाब घेतलेले असतात, त्यातलं एक फूल तो समोर दिसलेल्या शेजारच्या मुलीला देऊन टाकतो. दोन सेकंदांची कृती. खंडेराव मार्केटमधून फुलं घेऊन परतताना कुणीही करील अशी. त्याच्या हिशेबी ती तिथेच संपली, तिच्या हिशेबी तिथे सुरू झाली. पहिल्या दृश्यात तिने पाठवलेला गुलाब म्हणजे तिच्या लेखी उत्तर होतं, हे तेव्हा उलगडतं.

बेशुद्ध आंजेलिकला वाचवताना लोइक तोंडाने श्वास देतो, तोही तिच्या खात्यात चुंबन म्हणून जमा होतो. हा प्रसंग निर्दय आहे आणि शंभर टक्के बरोबर आहे. अशा रुग्णाला मिळालेली कुठलीही दखल, मदत, राग, पोलिसांत तक्रारसुद्धा, होकाराच्या बाजूला जाऊन बसते.

आणखी एक गोष्ट नेमकी पकडली आहे. या विकारात भ्रमाचा कप्पा सोडला तर बाकी वागणं बहुतेक नीट असतं. माणूस कॉलेजला जातो, काम करतो, नीटनेटकं बोलतो. म्हणून आंजेलिकच्या मित्रांना कळत नाही. धोकाही नेहमी त्या 'प्रियकरा'लाच असतो असं नाही. वाटेत आडवं येतंय असं वाटणाऱ्या माणसाला तो तेवढाच असतो. राशेलला दुचाकीची धडक बसून तिचा गर्भ जातो तो प्रसंग केवळ सनसनाटीसाठी घातलेला नाही.

कमकुवत दुवे आहेत. सोनिया नावाच्या रुग्णबाईचं उपकथानक घाईत उरकलं आहे. निनावी भेटी हीच पाठवते असं धरून लोइक तिच्यावर हल्ला करतो, ती तक्रार करते, आणि पुढे आंजेलिकशी झालेल्या झटापटीत तिचा हृदयविकाराने मृत्यू होतो. एका माणसाचा जीव जातो आणि पटकथा त्याला कथानक पुढे ढकलणारा खिळा म्हणून वापरते. पोलीस तपासही पातळ आहे. सामुएल ल बिआँचा लोइक सुरुवातीला बेताचा वाटतो, पण दुसऱ्या भागात गोंधळलेल्या, चिडलेल्या नवऱ्याचं काम तो चोख करतो. दाविदला मात्र लेखिकेने हवं तेव्हा आणलं आणि हवं तेव्हा विसरलं आहे.

शेवट. आंजेलिकला मनोरुग्णालयात ठेवतात, काही वर्षांनी ती 'बरी' होऊन बाहेर पडते. खोली साफ करताना कपाट सरकवलं जातं, आणि मागच्या भिंतीवर लोइकचं चित्र दिसतं, गोळ्या चिकटवून केलेलं. इतकी वर्षं दिलेली औषधं पोटात गेलीच नाहीत. चित्रकार मुलीने हाती आलेल्या रंगीत साहित्याचं जे करायचं तेच केलं. जरा वैद्यकीय नजरेने पाहिलं तर प्रश्न पडतो : गोळी गिळल्यावर तोंड उघडून तपासणं ही वॉर्डातली रोजची शिस्त आहे, आणि गोळी लपवण्याचा संशय आला तर तोंडात विरघळणारी गोळी, द्रवरूप औषध किंवा दोन ते चार आठवड्यांनी द्यायचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन असे मार्ग आहेत. इतक्या गोळ्या वर्षानुवर्षं कुणाच्याच नजरेस पडल्या नाहीत हे पटायला जड जातं. पण औषध न घेताही ती डॉक्टरांना बरी वाटली, हे मात्र या आजाराच्या स्वभावाला धरून आहे. चित्रासाठी मी ती सूट देतो.

लोइकच्या जागी असलेल्या माणसाने काय करायला हवं होतं? चित्रपट बहुतेक चुका दाखवतो, म्हणून हे लिहिणं भाग आहे. निनावी वस्तू आली की पहिल्याच दिवशी घरात उघडपणे सांगावं. लोइक-राशेलमधली दरी गप्प राहण्याने आणि संशयाने वाढते. वस्तू, पाकिटं, संदेश फेकू नयेत, तारखेसह ठेवावेत. पाठवणारं माणूस कोण याची खात्री होण्याआधी कुणावर आरोप करू नये, सोनियाचं प्रकरण डोळ्यांसमोर आहे. ओळख पटल्यावर एकदाच, लेखी, नि:संदिग्ध नकार, कारणं न देता, दिलगिरी न व्यक्त करता. त्यानंतर समजूत घालायला जाऊ नये आणि भेट परत करायला तर मुळीच जाऊ नये. लोइक एकटाच आंजेलिकसमोर उभा राहतो, डोक्यात जड मूर्तीचा घाव बसतो आणि तो जिन्यावरून कोसळतो.

कायद्याच्या बाजूने इथे एक अडचण आहे. पाठलागाचं कलम, पूर्वी भारतीय दंडसंहितेतलं ३५४ ड आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतलं ७८, पुरुषाने स्त्रीचा पाठलाग केला तरच लागू होतं. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बडोद्यातल्या कुठल्या लोइकला त्याचा आधार नाही. त्याला धमकी, अतिक्रमण, इजा अशा इतर कलमांकडे वळावं लागेल. स्त्रियांसाठी गुजरातेत १८१ अभयम ही फोनवरून मदत मागायची सेवा आहे. आणि घरातलंच माणूस आंजेलिकच्या वाटेवर दिसत असेल तर त्याच्याशी वाद घालून भ्रम जात नाही. सयाजी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा कारेलीबागच्या मानसिक आरोग्य रुग्णालयात घेऊन जावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सल्लासेवेच्या १४४१६ क्रमांकावर आधी बोलूनही घेता येतं. उपचार अवघड असतात, कारण रुग्णाला आपण आजारी आहोत हे मान्यच नसतं. पण औषधं आणि नियमित भेटी टिकल्या तर भ्रमाची धार उतरते.

हा चित्रपट आवडला तर पुढचा कुठला पाहावा, हे शेवटी. मिशेल स्पिनोझाचा २००७चा 'आना एम.' लगेच लावा. त्यात डॉक्टरच्या प्रेमाच्या भ्रमात अडकलेल्या स्त्रीचं काम इझाबेल कारे हिने केलं आहे, आणि इथली राशेल, म्हणजे लोइकची बायको, तीच आहे. पाच वर्षांच्या अंतराने एकच नटी दाराच्या दोन्ही बाजूंना उभी राहते. 'आना एम.'मध्ये धक्कातंत्र नाही, सुरुवातीपासून आपल्याला सगळं ठाऊक असतं, आणि म्हणून तो जास्त गुदमरवतो. फ्रान्स्वा त्रुफोचा १९७५चा, इझाबेल आद्जानीचा, व्हिक्तर ह्यूगोच्या मुलीवरचा 'आदेल एच.' त्यानंतर. तिथे आदेल ज्या लष्करी अधिकाऱ्याच्या मागे लागते त्याच्याशी तिचं पूर्वी खरंच काहीतरी होतं, त्यामुळे आजार वेगळ्या वाटेने वाढतो. तिन्ही एका आठवड्यात पाहू नयेत. आणि कोलोम्बानीचा दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा आंजेलिककडे पाहू नका. तिच्या बाजूला उभी असलेली माणसं कुणाकडे बघताहेत ते पाहा.